नरकाचे दार आणि गुरूचा हात

१/ इसवी सन १२९०. नेवाशात ज्ञानेश्वरांनी गीतेवरील आपली टीका पूर्ण केली. तेव्हा इटलीतील फ्लॉरेन्स नगरात दान्ते पंचविशीचा होता. पुढे त्याने नरकयात्रेचे महाकाव्य रचले. एकाने संस्कृत सोडून मराठी, तर दुसऱ्याने लॅटिन सोडून लोकांची इटालियन भाषा निवडली. दोघांना एकमेकांची वार्ताही नव्हती. प्रश्न मात्र समान होता: रागाचे काय करावे?

२/ गीतेचा सोळावा अध्याय काम, क्रोध आणि लोभ यांना नरकाची तीन दारे म्हणतो. दान्तेच्या नरकात क्रोधी जनांसाठी पाचवे वर्तुळ आहे. तेथे स्टिक्स नावाच्या दलदलीत ते एकमेकांना चावतात, ओरबाडतात. राग आत कोंडून कुढत राहिलेले तर चिखलाच्या तळाशी गाडलेले आहेत.

३/ दान्तेचा वाटाड्या व्हर्जिल, म्हणजे तेराशे वर्षांपूर्वीचा रोमन कवी. दलदल ओलांडण्यासाठी दोघे होडीत चढतात. व्हर्जिलच्या छायेला वजन नाही. जिवंत दान्तेने पाय ठेवल्यावरच होडी पाण्यात दबते. मालवणच्या धक्क्यावरून सिंधुदुर्गाला होडीने गेलेल्यांना हे चित्र लगेच उमगेल.

४/ वाटेत फिलिप्पो अर्जेंती हा फ्लॉरेन्सचाच उन्मत्त मनुष्य होडीला हात घालतो. दान्ते त्याची कठोर निर्भर्त्सना करतो. व्हर्जिल अर्जेंतीला मागे लोटतो आणि शिष्याला आलिंगन देतो. क्रोधाच्याच वर्तुळात क्रोधाची प्रशंसा!

५/ परंतु पुढे, तिसाव्या सर्गात, दोन पापी एकमेकांची उणीदुणी काढत असताना दान्ते ते तन्मयतेने ऐकत राहतो. आता व्हर्जिलच संतापतो. शिष्य शरमेने निःशब्द होतो, तेव्हा गुरू म्हणतो की याहून मोठा अपराधही इतक्या लज्जेने धुऊन निघाला असता. उन्मत्तपणाविरुद्धचा राग गुरूला मान्य आहे. भांडणाची गोडी मान्य नाही.

६/ आता आपल्याकडे वळू. परंपरा सांगते की लोकनिंदेने व्यथित होऊन ज्ञानेश्वर झोपडीची ताटी लावून आत बसले. त्यांचे गुरू म्हणजे थोरले बंधू निवृत्तिनाथ. पण त्या प्रसंगी समजावण्यास पुढे आली ती धाकटी बहीण मुक्ताबाई. तिच्या नावावरील ताटीचे अभंग वारकरी आजही गातात. जगाने आगपाखड केली तरी संताने पाणी व्हावे, असा त्यांचा आशय.

७/ व्हर्जिल शिष्याच्या रागाला दिशा देतो. मुक्ताबाई भावाला राग सोडून बाहेर यायला सांगते. तिच्यापाशी ना वयाचा अधिकार, ना गुरुपद. तरीही ताटी उघडली, अशी श्रद्धा आहे.

८/ दान्तेच्या महाकाव्याचे एक जुने हस्तलिखित मुंबईच्या एशियाटिक सोसायटीत जतन केलेले आहे. इतिहासावरून हमरीतुमरीवर येणाऱ्या आपणा सर्वांना त्यातील प्रश्न आजही लागू पडतो: आपला राग अन्यायावर आहे, की आपण केवळ भांडणाची मजा घेत आहोत? हे विचारणारे कोणी जवळ असेल, तर त्याचे वय पाहू नये.