हिंगोलीची हळद : घरच्या व्यवसायाचे भांडवल

परभणीतून १ मे १९९९ रोजी वेगळा झालेला हिंगोली जिल्हा हळदीसाठी ओळखला जातो. हा व्यवसाय प्रामुख्याने कुटुंबांच्या बळावर चालतो. मे-जूनमध्ये लावलेली हळद साधारणतः आठ-नऊ महिन्यांनी काढून शिजविली, वाळविली व पॉलिश केली जाते. पुढील हंगामाच्या बेण्यासाठी निरोगी गड्डे आधीच बाजूला राखले जातात.

हळकुंड ओलसर ठेवल्यास वजन जास्त भरते. परंतु साठवणुकीत बुरशी लागते आणि व्यापाऱ्याचा विश्वास उडतो. त्यामुळे पुरेसे वाळविण्याचा संयम व मालाची प्रामाणिक प्रतवारी, हेच या घरांचे खरे भांडवल होय. 'वसमत हळद' या नावाला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाल्याने एका घराच्या हलगर्जीपणाची झळ आता साऱ्या परिसराच्या नावाला बसू शकते.