धान्याची रास आणि भास्कराचार्य

फलटणच्या मुलुखांत हरभऱ्याची मळणी झाली कीं खळ्यावर रास पडते. समजा, एका राशीचा घेर ३० हात आणि दुसरीचा ६० हात आहे. दुसरींत धान्य दुप्पट असेल, असा वरवर पाहणाराचा समज होतो. तो खरा नव्हे.

या प्रश्नास भास्कराचार्यांनीं इ. स. ११५० च्या सुमारास ‘लीलावतीं’त ‘राशिव्यवहार’ हें स्वतंत्र प्रकरण दिलें. त्यांच्या मतें स्थूल धान्याच्या राशीची उंची घेराचा दहावा भाग असते, बारीक धान्याची अकरावा आणि कुसळाच्या धान्याची नववा. घेराच्या षष्ठांशाचा वर्ग करून त्यास उंचीनें गुणलें म्हणजे घनहस्त येतात. ६० हातांचें उदाहरण खुद्द आचार्यांचेंच आहे: उंची ६ हात, १० चा वर्ग १००, म्हणून धान्य ६०० घनहस्त. ३० हातांच्या राशीची उंची ३, ५ चा वर्ग २५, म्हणून धान्य अवघें ७५. घेर दुप्पट, पण धान्य आठपट!

एका जातीचें धान्य नेहमीं सारख्याच उतारानें घसरतें. त्यामुळें त्याच्या लहानमोठ्या राशी समरूप असतात. घेराबरोबर उंचीही दुप्पट होते, रास झांकावयास कापड चौपट लागतें आणि धान्य आठपट भरतें.

इ. स. १२०७ मध्यें आचार्यांचे नातू चांगदेव यांनीं चाळीसगांवजवळील पाटण येथें त्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठीं मठ स्थापिला. या गणिताचें मोल वांटणीच्या वेळीं कळतें. दोरी सैल पडून ३० चा घेर ३३ मोजला गेला, तर ७५ घनहस्तांचे जवळजवळ १०० होतात. तीन हातांची ही चूक कोणा तरी वांटेकऱ्यास पंचवीस घनहस्तांना पडते.