एका रस्त्याचं गाव

रुंद, धुळीने भरलेला एकच रस्ता. दोन्ही बाजूंना लाकडी इमारती, त्यांच्यापुढे फळ्यांची पायवाट आणि घोडे बांधायचे आडवे दांडे. दारूचा गुत्ता, बँक, तुरुंगाची एक खोली, टोकाला चर्च. वेस्टर्न चित्रपटातलं हे गाव जगभरच्या प्रेक्षकांना तोंडपाठ आहे. पण त्याचा मूळ आराखडा सिनेमावाल्यांचा नव्हे. तो रेल्वेचा आणि गुरांच्या व्यापाऱ्यांचा.

अमेरिकेतलं यादवी युद्ध १८६५ साली संपलं तेव्हा टेक्सासात गुरं अफाट होती, गिऱ्हाईक नव्हतं. तिथे चार डॉलरला मिळणारा बैल उत्तरेत चाळीसला जाई, असं सांगतात. जोसेफ मॅकॉय या इलिनॉयच्या व्यापाऱ्याने ही संधी हेरली. १८६७ मध्ये त्याने कॅन्ससमधली अ‍ॅबिलीन ही रेल्वेमार्गावरची मूठभर झोपड्यांची वस्ती निवडली, तिथे गुरांसाठी आवारं आणि व्यापाऱ्यांसाठी हॉटेल उभारलं. त्याच वर्षी सुमारे ३५ हजार गुरं तिथे पोहोचली. अ‍ॅबिलीनमागोमाग एल्सवर्थ, विचिटा, डॉज सिटी अशी गावं याच धंद्यावर वाढली.

चित्रपटांतलं दृश्य या घाईतून आलेलं आहे. बैलजोड्यांच्या लांबलचक गाड्या वळवता याव्यात म्हणून रस्ता ऐसपैस. चिखलातून चालता यावं म्हणून फळ्यांची पायवाट. गिरणीत कापलेलं लाकूड आणि खिळे रेल्वेने येत, त्यामुळे दुकान झटपट उभं राही. ते असायचं बैठं आणि उतरत्या छपराचं; पण पुढच्या बाजूला उंच, चौकोनी फळ्यांची भिंत ठोकायची, म्हणजे रस्त्यावरून ती मोठी इमारत वाटे आणि ठळक अक्षरांत पाटी रंगवायला जागाही मिळे. इथे शहर होणार आहे, हे दुकानदार येणाऱ्याला त्या भिंतीतून सांगत होता.

शहर व्हायचं तर माणसं जिवंत राहायला हवीत. दोन-तीन महिने रानोमाळ गुरं हाकून आलेला काउबॉय पगार घेऊन गुत्त्यात शिरे, तेव्हा त्याच्या कमरेचं पिस्तूल हीच व्यापाऱ्याची धास्ती असे. म्हणून या गावांनी लवकर केलेल्या कायद्यांपैकी एक असा: गावात हत्यार बाळगायचं नाही. अ‍ॅबिलीनचा मार्शल टॉम स्मिथ याने १८७० मध्ये तो बहुतांशी मुठींच्या जोरावर अंमलात आणला. त्याच वर्षी गावाबाहेर एका आरोपीला पकडताना तो मारला गेला.

त्याच्या जागी १८७१ मध्ये वाइल्ड बिल हिकॉक आला. भर चौकातल्या समोरासमोरच्या द्वंद्वाची सर्वांत प्रसिद्ध खरी घटना याचीच. जुलै १८६५ मध्ये मिसुरीतल्या स्प्रिंगफील्डमध्ये जुगाराच्या देण्यावरून आणि एका खिशातल्या घड्याळावरून त्याने डेव्हिस टटला सुमारे ७५ यार्डांवरून गोळी घातली. अशा घटना विरळाच होत्या. अ‍ॅबिलीनमध्ये मात्र ऑक्टोबर १८७१ मध्ये फिल को या जुगाऱ्यावर गोळ्या झाडताना मदतीला धावून आलेला स्वतःचाच सहकारी माइक विल्यम्स हिकॉकच्या हातून ठार झाला. डिसेंबरात गावाने हिकॉकला कामावरून काढलं. पुढच्या वर्षी शेतकऱ्यांनी आणि गावकऱ्यांनी पत्रक काढून गुरांचे कळप इकडे आणू नका, असं टेक्सासवाल्यांना कळवलं.

टूमस्टोन या चांदीच्या खाणींच्या गावातली २६ ऑक्टोबर १८८१ची चकमकही हत्यारबंदीवरूनच पेटली. मार्शल व्हर्जिल अर्प, त्याचे भाऊ वायट व मॉर्गन आणि डॉक हॉलिडे हे क्लँटन-मॅक्लॉरी टोळीची हत्यारं काढून घ्यायला निघाले होते. जेमतेम अर्ध्या मिनिटात तीन माणसं मेली. सिनेमाने ते अर्धं मिनिट उचललं; त्यामागचा नगरपालिकेचा ठराव बहुधा मागे राहिला.

ओवेन विस्टरच्या १९०२ मधल्या ‘द व्हर्जिनियन’ या कादंबरीने द्वंद्वाला ठाशीव घडण दिली: सूर्यास्तापर्यंतची मुदत, लग्नाच्या उंबरठ्यावरचा नायक, सोडून जाईन म्हणणारी वधू. १९२९च्या बोलपटात ही भूमिका गॅरी कूपरने केली. तेवीस वर्षांनी, फ्रेड झिनेमनच्या ‘हाय नून’मध्ये, तोच कूपर पुन्हा लग्नाच्याच दिवशी त्याच पेचात उभा राहिला. आता मुदत सूर्यास्ताची नव्हती, दुपारी बाराच्या गाडीची होती.

मला हा चित्रपट या साऱ्या कुळाचा कळस वाटतो, कारण त्यात रस्त्याइतकंच महत्त्व रस्त्यालगतच्या दारांना आहे. मार्शल केन मदत मागत गुत्त्यात जातो, मित्राच्या घरी जातो, चर्चमध्ये जातो. नकाराची कारणं प्रत्येकाकडे आहेत आणि त्यांतली काही पटण्यासारखीही आहेत. गावात गोळीबार झाला तर बाहेरचा पैसा येणार नाही, असं चर्चमध्ये सांगितलं जातं. मॅकॉयच्या अ‍ॅबिलीनची व्यापारी काळजी इथे भित्रेपणाचं पांघरूण झाली आहे. पटकथाकार कार्ल फोरमन याला चित्रपट तयार होत असतानाच अमेरिकन संसदेच्या कम्युनिस्टविरोधी समितीपुढे उभं राहावं लागलं होतं. ओळखीचे लोक कसे मागे सरतात हे तो तेव्हा अनुभवत होता.

या रस्त्याची एक शाखा आपल्याकडे आली. १९७५च्या ‘शोले’मधलं रामगढ कला दिग्दर्शक राम येडेकर यांनी कर्नाटकातल्या रामनगरच्या खडकांत उभारलं आणि त्यातला रेल्वेवरचा दरोडा पनवेलजवळ चित्रित झाला. घोडे आणि बंदुका वेस्टर्नच्या आहेतच. पण खरी वारसाखूण आहे ती तरुण अहमदच्या मृतदेहाभोवती जमलेल्या गावकऱ्यांत. जय-वीरूला आणखी आसरा देऊ नका, असं ते ठाकूरला सांगू लागतात आणि ज्याचा मुलगा गेला तो आंधळा इमाम त्यांना थांबवतो. ‘हाय नून’मधल्या हॅडलीव्हिल गावाच्या चर्चमध्ये लोकांना असं थांबवणं कुणालाच जमलं नव्हतं.

क्लिंट ईस्टवुडच्या १९९२च्या ‘अनफर्गिव्हन’मध्ये हत्यारबंदीची पाटी वेशीवर परत दिसते, आणि ती बंदी राबवणारा शेरीफच क्रूर निघतो. रखवालदारावर नजर कोण ठेवणार, हा प्रश्न हिकॉकच्या गोळीने अ‍ॅबिलीनपुढेही टाकला होता.

म्हणून या चित्रपटांतल्या गावाला मी नुसतं नेपथ्य मानत नाही. शांतता सर्वांना हवी असते. तिची किंमत एकट्या मार्शलने मोजायची की सगळ्यांनी वाटून घ्यायची, यावर गावाचं गावपण ठरतं. अ‍ॅबिलीनने हिकॉकला निरोप दिला, गुरांच्या व्यापारातल्या कमाईवर पाणी सोडलं आणि जबाबदारी आपल्या अंगावर घेतली. पिस्तुलाच्या वेगापेक्षा मला हा निर्णय जास्त धाडसाचा वाटतो, आणि उत्तम वेस्टर्न पाहताना मी याच निर्णयाची वाट पाहत असतो.