इलेक्ट्रॉनिक आरोग्य नोंदी : संशोधन-साहित्याचा आढावा
रुग्णांच्या संगणकीय नोंदींविषयीचे संशोधन धुंडाळून, पारखून त्याचा एकत्रित अन्वयार्थ लावणारे लेखन. शोध बहुधा पबमेड या वैद्यकीय संशोधनाच्या ऑनलाइन सूचीपासून सुरू होतो. कोणते शोधशब्द वापरले, कोणते अभ्यास का वगळले, हे नमूद करावे लागते. ‘ॲनल्स ऑफ इंटर्नल मेडिसिन’मधील २००६ च्या आरोग्य माहिती-तंत्रज्ञानावरील आढाव्यात २५७ अभ्यास होते. त्यांतले सुमारे २५ टक्के अभ्यास स्वतःची प्रणाली घरीच घडवणाऱ्या चार अमेरिकी संस्थांचे, तर बाजारात मिळणाऱ्या बहुउपयोगी प्रणालींवरचे अवघे ९. विकतची प्रणाली बसवू पाहणाऱ्या साध्या रुग्णालयाच्या हाती त्यातून फारसे काही लागत नव्हते. ‘हेल्थ अफेअर्स’मधील याच विषयावरील २०११ च्या आढाव्यात ९२ टक्के लेखांचे निष्कर्ष एकंदरीत अनुकूल निघाले. एवढी एकवाक्यता दिसली, की फसलेले प्रयोग छापले तरी जातात का, हे आधी तपासावे.