नाताळचें ताट

‘नाताळ’ हा शब्द मराठीला पोर्तुगीजांकडून मिळाला, हें पुष्कळांस ठाऊक असतें. त्याच सणाचा दुसरा एक पोर्तुगीज शब्द मात्र गोव्याबाहेर फारसा पडला नाहीं. तो शब्द म्हणजे ‘कोंसुआद’. पोर्तुगालांत त्याचा अर्थ, नाताळच्या आदल्या रात्रीं घरच्या सर्वांनीं एकत्र बसून करावयाचें जेवण. गोव्यांत हाच शब्द एका ताटाला जाऊन चिकटला. घरीं केलेले गोड पदार्थ मांडून, वर स्वच्छ रुमाल झांकून, आप्तांकडे व शेजाऱ्यांकडे पाठवावयाचें तें ताट. जेवण उंबऱ्याबाहेर पडलें आणि भेट झालें. तें ज्या शेजारांत फिरूं लागलें, त्या शेजाराचा इतिहास मात्र गोड नाहीं.

आल्बुकेर्कनें १५१० मध्यें गोवा घेतला. पुढें त्याच शतकांत तिसवाडी, साष्टी व बारदेश ह्या भागांत देवळें पाडलीं गेलीं आणि गांवेंच्या गांवें बाटविलीं गेलीं. ज्यांनीं धर्म सोडला नाहीं, त्यांतील कित्येकांनीं देव उचलून नदीपलीकडे आदिलशाही मुलुखांत नेले. कुठ्ठाळीचा मंगेश आणि केळशीची शांतादुर्गा आज अंत्रुज महालांत आहेत त्या ह्यामुळेंच. भाऊबंद दोन धर्मांत वांटले गेले. १५६० मध्यें धर्मन्यायालय आलें. मधला थोडा खंड सोडल्यास १८१२ पर्यंत तें टिकलें. त्याचा १७३६ चा जाहीरनामा वाचण्यासारखा आहे. नवख्रिस्त्यांनीं दारीं तुळस लावूं नये, लग्नांत ओव्या म्हणूं नयेत, विडा, सुपारी, फुलें देऊं नयेत. इतकेंच काय, हिंदूंप्रमाणें भात अळणी शिजवून वरून मीठ घेऊं नये! बाटलेल्या घरांत जुना आचार चुलीपाशीं दडून राहतो, हें त्या न्यायाधीशांनीं बरोबर ओळखलें होतें, असें म्हणावें लागतें.

आतां ताटावरचा रुमाल दूर करून पाहावें. पहिली दिसते ती नेवरी, म्हणजे आपली करंजी. खोबरें, तीळ, मनुका, काजू असें सारण भरून ती नाताळांत तळली जाते. चतुर्थीला हिंदूंच्या घरीं होणारी नेवरी आणि ही, ह्या दोघी सख्ख्या बहिणी शोभतात. शेजारीं दोदोल : तांदळाचें पीठ, नारळाचें दूध आणि माडाचा काळा गूळ तांब्याच्या भांड्यांत तासन् तास घोटून केलेला. घोटतां घोटतां हात भरून येतात, म्हणून घरांतील माणसें आळीपाळीनें उलथनें धरतात. दोदोल ह्याच नांवानें जावा व मलायांतही खाल्ला जातो. १५११ मध्यें मलाक्का पोर्तुगीजांच्या हातीं गेल्यावर दोन्ही किनारे एकाच सत्तेनें जोडले गेले, हें ध्यानांत घ्यावें. काजू ब्राझीलहून आलेला. कुलकुलांच्या पिठाच्या गोळ्या फणीवर वळण्याचें काम मुलांचें. बेबिंक मात्र जाणत्या बाईचें. अंड्याचा बलक व नारळाचें दूध ह्यांचा एक थर ओतावा, वरून निखाऱ्यांची आंच द्यावी, तो भाजला कीं दुसरा. जुन्या गोव्याच्या सांता मोनिका मठांतील बेबियाना नांवाच्या जोगिणीनें तें प्रथम केलें, अशी दंतकथा आहे. दंतकथेची गोडी चाखावी, तिची साक्ष काढूं नये.

असा हा नैवेद्य एकट्या युरोपाचा नव्हे, आणि एकट्या कोंकणाचाही नव्हे. जाहीरनाम्यानें तुळशीला हात घातला, ओवीला घातला. नेवरी मात्र ख्रिस्ती सणाच्या ताटांत बसून राहिली. ती कोणी हट्टानें ठेवली असें म्हणण्याचें कारण नाहीं. बायकांना जें करतां येत होतें, तेंच त्यांनीं नव्या सणाला केलें.

अर्थात् ह्या देवघेवीचें चित्र फार गुलाबी रंगवूं नये. सोंवळें कडक असलेल्या हिंदु घरांत ख्रिस्त्याच्या चुलीवरचें अन्न चालत नसे. अशा ठिकाणीं केळीं वा नारळ धाडूनच स्नेह राखावा लागे. पुढें बंधनें सैल झालीं, आणि चतुर्थीला इकडून नेवऱ्या जाव्या, नाताळांत तिकडून ताट यावें, हा गोव्याच्या अनेक वाड्यांतला परिपाठ झाला.

धर्मन्यायालयाचा जाच, दुष्काळ, कर आणि, मराठी वाचकानें हेंही विसरूं नये, मराठ्यांच्या स्वाऱ्या, ह्यांमुळें कित्येक ख्रिस्ती कुटुंबें दक्षिणेस मंगळुराकडे गेलीं. तेथें ह्याच जातीच्या फराळाला ‘कुस्वार’ म्हणतात. मुंबईस नोकरीला आलेल्या गोंवेकरांच्या घरींही नेवऱ्या व कुलकुलें होत राहिलीं. आतां शहरांत पुष्कळसें बेकरींतून विकत येतें, आणि दिवसभर कचेरींत राबणाऱ्या बाईनें रात्रीं दोदोल घोटावा असा आग्रह धरणें अन्यायाचें होईल.

ह्या रिवाजाचें एक अंग मात्र विकतच्या पेटींत मावत नाहीं. ज्या घरीं त्या वर्षीं मृत्यु झाला असेल, तेथें गोड करीत नाहींत. कढई चढत नाहीं. त्या घरीं ताट शेजारून येतें.