‘मिसिंग ५४’ : १९७१ च्या युद्धातून घरी न परतलेल्या सैनिकांचं काय झालं?

१९७१ च्या युद्धानंतर पाकिस्तानचे सुमारे ९३ हजार युद्धकैदी भारताच्या ताब्यात होते, ही गोष्ट दर डिसेंबरात सोशल मीडियावर फिरते. हे कैदी पुढे मायदेशी परतले. पाकिस्ताननेही सहाशेहून अधिक भारतीय कैदी सोडले. पण वाघा सीमेवर आलेल्यांच्या यादीत काही घरांना आपल्या माणसाचं नाव सापडलंच नाही. त्यांनाच आज ‘मिसिंग ५४’ म्हणतात. यात १९६५ च्या युद्धातलेही काही जण आहेत.

त्यातलं एक मराठी नाव म्हणजे फ्लाइट लेफ्टनंट विजय वसंत तांबे. डिसेंबर १९७१ च्या पहिल्याच आठवड्यात पाकिस्तानातल्या शोरकोट हवाई तळावरच्या हल्ल्यात त्यांचं सुखोई-७ पडलं. त्यांच्या पत्नी दमयंती तांबे म्हणजे बॅडमिंटनमधल्या राष्ट्रीय विजेत्या, अर्जुन पुरस्कार मिळालेल्या खेळाडू. लग्नाला तेव्हा जेमतेम दीड वर्ष झालं होतं.

विमान पडलं म्हणजे वैमानिक गेला, असं समजून कुटुंबाने कदाचित मन घट्ट केलं असतं. पण ढाक्याच्या ‘संडे पाकिस्तान ऑब्झर्व्हर’ने त्याच दिवसांत पाच भारतीय वैमानिक जिवंत पकडल्याची बातमी छापली आणि त्यात एक नाव होतं, ‘फ्लाइट लेफ्टनंट टोंबे’. स्पेलिंग चुकलेलं. पण हे आडनाव पाकिस्तानी बातमीदाराला आपोआप सुचेल असं थोडंच आहे?

असे धागे इतरांच्या बाबतीतही सापडले. २७ डिसेंबर १९७१ च्या ‘टाइम’ मासिकात गजांआडच्या एका भारतीय कैद्याचा फोटो आला आणि तो मेजर ए. के. घोष यांचा असल्याचं घरच्यांनी ओळखलं. मेजर अशोक सुरी यांचं प्रकरण तर आणखी चक्रावणारं आहे. सैन्याने त्यांना युद्धात ठार झाल्याचं जाहीर केलं होतं. डिसेंबर १९७४ मध्ये त्यांच्या वडिलांना त्यांच्या हस्ताक्षरातली चिठ्ठी मिळाली आणि पुढच्या वर्षी कराचीहून आणखी एक पत्र आलं. आपल्यासोबत इथे २० अधिकारी आहेत, असा त्यात उल्लेख होता. हस्ताक्षर तपासल्यावर सरकारी कागदावरचा ‘ठार’ हा शब्द बदलून ‘बेपत्ता’ झाला.

हा बदल एका शब्दाचा वाटतो, पण घरात त्याचा अर्थ फार वेगळा असतो. ‘ठार’ असेल तर दिवस घालता येतात, फोटोला हार घालता येतो. ‘बेपत्ता’ असेल तर दार वाजलं की अजूनही दचकायचं. अमेरिकेतल्या अभ्यासक पॉलीन बॉस यांनी १९७० च्या दशकात व्हिएतनाम युद्धात बेपत्ता झालेल्या वैमानिकांच्या कुटुंबांशी बोलून नेमकं हेच टिपलं. अशा दुःखाला त्यांनी ‘संदिग्ध वियोग’ या अर्थाचं नाव दिलं. माणूस गेला की आहे हेच माहीत नसल्याने शोक सुरूही होत नाही आणि संपतही नाही.

कायद्याने वाट आहे. सात वर्षं कुणाची काहीच खबर नसेल तर त्याला मृत मानता येतं, जोडीदाराला घटस्फोटही मागता येतो. दमयंती यांनी दुसरं लग्न केलं नाही. दिल्लीच्या जेएनयूमध्ये क्रीडा विभागात नोकरी केली आणि दशकानुदशकं पाठपुरावा सुरू ठेवला.

मग सरकारने काय केलं? १९७९ मध्ये लोकसभेत पाकिस्तानी तुरुंगांतल्या ४० जणांची यादी दिली. १९८३ मध्ये काही नातेवाईकांना मुलतानच्या तुरुंगात जाऊ दिलं गेलं. २००७ मध्ये १४ नातेवाईकांनी पाकिस्तानातले १० तुरुंग पाहिले. हाती काही लागलं नाही. आपल्याकडे असा एकही युद्धकैदी नाही, ही पाकिस्तानची भूमिका कायम आहे. युद्ध थांबल्यावर कैद्यांना विनाविलंब सोडावं, असं जिनिव्हा करार सांगतो. पण समोरचा देश कैदी आहे हेच मान्य करत नसेल, तर सोडायचं कुणाला?

आता आकडा ५४ वर थांबलेला नाही. २०१९ मध्ये केंद्र सरकारने संसदेत सांगितल्याप्रमाणे पाकिस्तानच्या ताब्यात असल्याचं मानले जाणारे भारतीय सैनिक ८३ आहेत. त्यातले एक कॅप्टन १९९७ मध्ये कच्छच्या सीमेवर गस्त घालताना बेपत्ता झाले. त्यांच्यासाठी सर्वोच्च न्यायालयात गेलेल्या आईचं वय ८१ होतं. मार्च २०२१ मध्ये न्यायालयाने त्यांच्या याचिकेवर केंद्राला नोटीस काढली.