रापीचे पोलाद

बलुतेदारीच्या इतिहासात चांभाराचा जोडा येतो, मोट येते; रापी क्वचितच. गावगाड्यात हत्यार लोहाराच्या भट्टीतून येई. १८५३ साली मुंबई-ठाणे आगगाडी धावली, १८५६ साली मुंबईत कापडगिरणी सुरू झाली. कारखान्यांमागून पोलादाचे भंगारही आले. त्यात चांभाराला आपले हत्यार दिसले. झिजलेली कानस तांबडी तापवून राखेत पुरली की मऊ होते. मग रापीचा आकार द्यायचा, पुन्हा तापवून पाणी द्यायचे. आता ती कडक, पण ठिसूळ. म्हणून मंद आचेवर फिकट पिवळा रंग चढेतो धरायची. निळा चढला की धार बसली. रंगावरून पोलादाची आच जाणणारी ही नजर म्हणजे विद्याच. समाजाने तिला जात म्हटले, आणि विद्यावंताला अडाणी.